भूकंपराव आणि मोठा चंद्र

सदर इसम : पुरुष, वय साठीच्या पुढे. धंदा काचा कापून बसवणे. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ओळखीची खूण, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण. गल्लीत ‘भूकंपराव’ या नावाने परिचित. चंद्र नेहमीपेक्षा जवळ आला की जमीन हादरते, असा इशारा वेळोवेळी देतो. आजवर एकही इशारा खरा ठरलेला नाही. सेवेत मात्र खंड नाही.

पेपरात पहिल्यांदा ‘सुपरमून’ वाचला, तेव्हा खबरदारी म्हणून त्याने भिंतीला टेकवलेल्या साऱ्या काचा जमिनीवर आडव्या रचल्या. काच उभी असते तोवर ठणठणीत. आडवी पडली की आपल्याच वजनाने तडकते, हे त्याला पोरवयापासून ठाऊक. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल आधी पळते. सकाळी निम्म्या काचांना तडे. चंद्राने त्याचं केलेलं नुकसान एवढंच.

या खेपेस घरात बायको आडवी होती. जिन्यावरून पडून तिचा खुबा मोडला होता. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण जिना नुसता दिसला तरी ती कॉटकडे परत फिरे. कॉट ते न्हाणीघर, एवढंच जग उरलं होतं.

मोठ्या चंद्राच्या दिवशी काचा दोराने बांधून तो वर आला. “चल, खाली मैदानात.”

“तुम्ही जा. घर पडलं तर सुटेन एकदाची.”

“बाबा,” भेटायला आलेली मुलगी म्हणाली, “चंद्रामुळे भरतीचं पाणी जरा जास्त चढतं. घरं नाही पडत.”

“तूही चल.”

मग तो कॉटच्या कडेला टेकला. “अगं, मी त्या काचा आडव्या ठेवल्या होत्या, आठवतंय?”

“विसरू देईन का तुम्हाला!”

“तुझंही तेच चाललंय. पडून पडूनच तडकशील गं.”

त्याचा आवाज कापत होता. हे चंद्राचं भय नव्हे, हे तिला कळलं. आपल्यापेक्षा यांचीच तंतरलीय, म्हणत ती उठली.

मोठी काच उतरवताना पुढचा माणूस उलटा चालतो आणि पायऱ्या सांगतो. तो तसाच उतरू लागला, तिचे दोन्ही हात धरून. मागे मुलगी.

“पायरी... पायरी... आता वळण. सावकाश.”

“मी काच नाही हो.”

“काच असतीस तर गप्प असतीस.”

मैदानावर पोचेपर्यंत तिला घाम फुटला होता. समोरच्या छपरांवर चंद्र वर येत होता; भला मोठा, पिवळा, हात लावला तर ठसा उमटेल असा. इतके महिने तिने आभाळ खिडकीएवढंच पाहिलं होतं. ती बघतच राहिली.

“बरं झालं बाबा, आलास,” ती पुटपुटली.

“कोण, मी?”

“तो. आणि तुम्हीही.”

जमीन हलली नाही. सदर इशारा नेहमीप्रमाणे खोटा ठरला, याची नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला तीच खाली गेली.