मातीला लागलेले हात

मारुतीरायाची सेवा केली असं कुठे बोलायला गेलो की माझी जीभ अडखळते. जी काही सेवा माझ्या हातून झाली, तिच्यात सेवेपेक्षा ताठाच जास्त होता. तो ताठा त्याने ज्या रीतीने उतरवला, ते आठवलं की आजही लाज वाटते. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या वेळची ही गोष्ट. जवळा बाजारला गावाच्या कडेला आमची कुस्तीची तालीम होती. दगडी भिंती, वर पत्रे, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मधोमध मातीचा हौद. रस्ता रुंद व्हायचा होता आणि तालीम नेमकी त्याच्या आड येत होती. ओढ्यापलीकडे एका भल्या माणसाने जागा दिली, आणि दगड-पत्रे आपणच उतरवायचे, आपणच तिकडे उभे करायचे असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे एकेकाळचे पैलवान. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले, माझा तर उजवा गुडघा कायमचा बाद झालेला. पण कामाला लागलो की प्रत्येकाला आपण अजून विशीतच आहोत असं वाटायचं.

दगड-पत्र्यांचं काही नव्हतं, खरा प्रश्न मातीचा होता. हौदातली तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात वर्षानुवर्षं तेल, हळद, लिंबू आणि ताक मुरवलेलं असतं. त्यानेच ती मऊ राहते, पडणाऱ्याला सांभाळते. आमच्या मातीला गावातल्या घरांतून पाळीपाळीने ताक यायचं. कमी पडलं तर ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरून ताकाची चरवी यायची. ताक घेऊन बायका येत, त्या दारापर्यंतच. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या मातीला बाईमाणसाचा स्पर्श नको, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. माझी बायको लग्न झाल्यापासून दर शनिवारी चरवी उंबऱ्याशी ठेवायची, कडी वाजवायची आणि मागे वळायची. हा नियम पाळण्यात माझ्याइतका कडक कुणी नव्हता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

आमचे वस्ताद तेव्हा फार थकले होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांना एकच घोर लागला होता. "नवी माती आणून भरसाल तर तालीम बी नवीच व्हईल रे," ते म्हणायचे. "आपली ऱ्हाणार न्हाई. जुनी माती तिकडं पोचली पायजे." मी सगळ्यांदेखत त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं की चिमूटभरसुद्धा सांडू देणार नाही. दोन-तीन खेपा करा, सावकाश न्या, असंही ते म्हणाले होते. पण माझ्या डोक्यात भलतंच. माती एकदाच उचलायची आणि एकदाच टेकवायची, तर तिचा मान राहतो, असं मीच ठरवलं. ट्रॅक्टरवाला गणपत म्हणजे माझा जुना जोडीदार. ट्रॉलीवर चढत जाणारा ढीग बघून तो म्हणाला, "पैलवान, ट्रॉली हाय ती, तुमची छाती न्हाई. किती भरून राहिले?" सगळे हसले. मी आणखी चार पाट्या टाकायला लावल्या.

कापूसवेचणीचे दिवस होते. पावसाचं काही काम नव्हतं, पण दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. सकाळीच मारुतीला नव्या जागी नेऊन बसवलं होतं आणि वस्ताद त्याच्यापाशी बाजेवर बसून मातीची वाट पाहत होते. बाकीची मंडळी जेवायला घरी गेली होती. ट्रॉलीबरोबर गणपत आणि मी, दोघंच. ओढ्याच्या उतारावर ट्रॉलीच्या जोडापाशी काहीतरी कडाडलं, ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि एका अंगाला कलंडली. पाहता पाहता सगळी माती उतारावर पसरली. खालचा भाग तर ओढ्याच्या पाण्यातच गेला आणि पाणी तांबडं होऊन वाहू लागलं.

गणपत माणसं आणायला गावाकडे पळाला. मी हातांनीच माती वर ओढायला लागलो, पण गुडघा वाकेना आणि ओंजळीत येईल ती किती येणार? वरून पाऊस आला असता तर एवढ्या वर्षांची माती ओढ्याने नेली असती. समोर चार शेतांपलीकडे नव्या तालमीच्या जागी रचून ठेवलेले पत्रे दिसत होते. तिथे माझ्या शब्दावर विसंबून एक म्हातारा बसला होता. मी तिथेच फतकल मारली. मारुतीला म्हणालो, तू आहेस तरी का? की आम्ही उगीच दगडाला शेंदूर लावत बसलो? असं त्याला बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात बायकांचा घोळका आला. तांड्यावरच्या होत्या, वेचलेला कापूस मालकाच्या घरी टाकून परत निघालेल्या. रोज त्या वरच्या पांदीने, शेतांमधल्या गाडीवाटेने जातात, हे मला मागाहून कळलं. आभाळ बघून त्या दिवशी त्या लवकर निघाल्या होत्या आणि त्यांनी ओढ्याची जवळची वाट धरली होती. पुढे एक वयस्कर बाई होती, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली. "तालमीची माती हाय ना ही, दादा?" असं म्हणत ती खाली वाकली.

मी ओरडलो, "हात लावू नका! बाईमाणसाचा हात चालत न्हाई तिला!"

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. ती बाई चिडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताक तर चालत व्हतं आमचं. ते हातानंच घुसळलं ना, दादा?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. "पाणी येऊन राहिलं, चला गं," म्हणत तिने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग सगळ्यांनी काढल्या. तालमीच्या मातीवर चप्पल घालून जायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी खाली पाहिलं. मातीत रुतलेल्या माझ्या पायांत चपला तशाच होत्या.

कापूस वेचायला कमरेला बांधलेल्या ओट्यांत त्यांनी माती भरली आणि ओढा ओलांडून नव्या जागेकडे चालू लागल्या. मी अनवाणी, लंगडत, खांद्यावरच्या उपरण्यात माती बांधून त्यांच्या मागे. नव्या तालमीच्या भिंती तेव्हा गुडघ्याएवढ्याच झाल्या होत्या. मधे हौद खणून तयार होता, चौकट उभी होती, दार नव्हतं. कुठूनही आत पाऊल टाकता आलं असतं. पण त्या बायका त्या रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबल्या आणि माती बाहेरच ओतू लागल्या. माझंच ओरडणं त्यांनी पाळलं होतं.

वस्तादांनी बाजेवरून विचारलं, "कोण हाय रे?"

"तांड्यावरच्या बाया हायत, वस्ताद. ट्रॉली पलटली. माती ह्यांनी आणली."

"मंग दारात काहून थांबल्या?"

मी खाली वाकून उपरण्याची गाठ सोडू लागलो. वस्तादांनी मान माझ्या दिशेने वळवली. दिसत नव्हतं, तरी त्यांना सगळं दिसलं असावं. "आत या गं मायांनो," ते म्हणाले, "नियम मातीसाठी व्हता. मातीच ऱ्हायली न्हाई तर नियम कोनाला लावता?"

मग त्या आत आल्या आणि हौदात ओट्या रिकाम्या करू लागल्या. खेपांवर खेपा झाल्या. गणपत गावातून माणसं घेऊन आला तोवर बरीचशी माती हौदात पडली होती. ओढ्यात गेलेली गेली. मी दिलेला शब्द काही पुरा झाला नाही.

त्या माणसांबरोबर माझी बायकोही आली होती, नव्या हौदाला ताक घेऊन. सवयीने तिने चरवी चौकटीशी टेकवली आणि कडीसाठी हात वर केला. कडी कुठली, दारच नव्हतं. ती वळून निघाली तेव्हा मी म्हणालो, "आत ये."

"मी?" तिने विचारलं. चपला काढून ती हौदाच्या काठाशी आली, चरवी दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "कुठं ओतायचं असतं हो?"

इतकी वर्षं तिने पहाटे उठून घुसळलेलं ताक नेमकं कुठे जातं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी नुसतं बोट दाखवलं. तुळशीला पाणी घालावं तशी ती कडेकडेने ताक ओतत गेली. पाऊस आला तो त्यानंतर. मारुतीनेच तो थोपवून धरला असं गावात म्हणतात.

मी एवढंच जाणतो की ओढ्याच्या उतारावर बसून मी त्याला हाक मारली, तेव्हा कोण यावं हेही मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. गडीमाणूस यावा, दुसरी ट्रॉली यावी. त्याने त्याला हवं त्यांना पाठवलं आणि मी त्यांनाच हात लावू नका म्हणालो. त्याला शरण गेलो असं आपण म्हणतो, पण मदत कुणाच्या हातांनी यावी हे ठरवणं मी तोवर सोडलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी नारळ घेऊन तांड्यावर गेलो. त्या बाईच्या पाया पडलो, तर ती मागे सरून हसायला लागली. म्हणाली, "उठा दादा, गुडघा दुखंल."

त्या तालमीला पुढे दार बसलं, कडीही बसली. शनिवारी बायको येते ती कडी न वाजवता आत येते, हौदात ताक ओतते आणि मग मारुतीला हात जोडते. मी तिच्या मागे उभा असतो. आधी पायांकडे बघतो, चपला बाहेर काढल्या ना म्हणून. मग मारुतीपुढे मान खाली घालतो, आणि ती मला लवकर वर करवत नाही.