चांगलं जळलेलं काम

भिकन मूळचा धरणगावचा. लग्नसराईत भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं अंथरून बसायचा आणि बारीक छिन्नीने ताटांवर, तांब्यांवर नावं घालायचा. पुढे जळगावला आला, फुले मार्केटच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला, लेसरचं यंत्र आणलं. यंत्र नवं असलं तरी शिस्त जुनीच होती: रेघ बारीक हवी, अक्षर स्वच्छ हवं आणि काम जळता कामा नये. काम जळलं की कारागिराचं नाक कापलं गेलं, असं तो मानायचा.

म्हणूनच नूतन पहिल्यांदा आली तेव्हा त्याला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

ती शिरपूरकडची. जळगावात एका कॉलेजात संशोधन करत होती. तिने पिशवीतून मधाच्या रंगाचा, पातळ प्लास्टिकचा तुकडा काढला. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये घालतात तसला, उष्णतेला दाद न देणारा.

"भिकनभाऊ, यावर हा चौकोन जाळून द्या."

"म्हणजे नक्षी काढू?"

"नक्षी नको. काळा करा. पूर्ण काळा."

त्याने केला. लेसर फिरला तिथे पिवळ्यावर मखमलीसारखी काळी साय धरली. नूतन भिंगातून बघत राहिली आणि म्हणाली, "सुंदर!" भिकनने तिच्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. सुंदर? असा तुकडा त्याने गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता.

पुढे ती दर आठवड्याला येऊ लागली. येता-जाता समजावून सांगायची. एका क्षणात एवढी आच लागते की प्लास्टिकमधलं बाकी सगळं उडून जातं आणि उरतो तो कार्बन मधमाशीच्या पोळ्यासारखा मांडला जातो. त्याला ग्राफीन म्हणतात. मग त्या काळ्यावर ती निकेलचं हिरवट पाणी लावायची, वाळवायची आणि पुन्हा लेसर फिरवायला सांगायची. धातूचे डोळ्याला न दिसणारे कण त्या काळ्यात अडकून बसत. त्याचा म्हणे उत्प्रेरक होतो.

"तो काय करतो?"

"पाण्यातून हायड्रोजन सुटायला मदत करतो. स्वतः मात्र संपत नाही."

"लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा?"

नूतन हसली. "तसंच समजा."

भिकनने तसंच समजायचं ठरवलं, पण घरी जाईपर्यंत ते डोक्यातून निसटलं.

महिनाभराने ती आनंदात आली. कॉलेजातल्या महागड्या यंत्रावर केलेल्या तुकड्यांपेक्षा भिकनच्या गाळ्यातले तुकडे सरस निघाले होते. "शेवटची खेप तुमच्याकडेच करायची, भाऊ. बारा तुकडे."

भिकनला लाज वाटली. कारण एक गोष्ट त्याने तिला सांगितली नव्हती. लेसरचं भिंग कामापासून किती उंच ठेवायचं, ते मोजायची प्लास्टिकची छोटी पट्टी असते. त्याच्या पट्टीचं टोक वर्षभरापूर्वी तुटलं होतं आणि तो तशीच वापरत होता. नावं थोडी जाड यायची, गिऱ्हाईक बोलत नसे. पण एवढ्या शिकलेल्या पोरीचं शेवटचं काम तुटक्या मापाने करायचं? त्याने नवी पट्टी मागवली, भिंग पुसलं, जुनी पट्टी कचऱ्यात टाकली. गाडी कचरा घेऊनही गेली.

नूतन आली. पहिला तुकडा झाला. रेघा केसासारख्या बारीक. भिकन मनातून खूश. नूतनने बोट लावलं तर काळं भुरभुर गळून पडलं आणि मधे प्लास्टिकला भोकं दिसली. दुसरा तसाच. तिसराही.

"असं कसं झालं?" तिने तुकडा उजेडात धरला. "यंत्र तेच, आकडे तेच. भाऊ, काही बदललं का?"

भिकनच्या तोंडून "नाही" निघणार होतं. काय सांगणार? वर्षभर बिघडलेल्या मापावर काम केलं, आणि नीट केलं तेव्हा बिघडलं? त्याचं त्यालाच हे पटेना. पण तिचे डोळे पाहून तो म्हणाला, "ताई, चूक माझी. मी दुरुस्ती केली."

सगळं सांगितल्यावर नूतन एकदम म्हणाली, "म्हणजे तुटक्या पट्टीने भिंग जवळ यायचं, आणि किरण एका टोकाला एकवटत नव्हता! पसरून पडत होता, एकाच जागी अनेकदा. म्हणून शेकलं जात होतं, चिरलं जात नव्हतं. जुनी पट्टी कुठे आहे?"

"गेली."

गाळ्यात एका जोडप्याच्या लग्नपत्रिकांचे जाड नमुने पडले होते. तेवढंच अंतर पुन्हा कमी करायला भिकनने प्लास्टिकच्या तुकड्याखाली एक पत्रिका सरकवली, लेसर फिरवला, बोट लावून पाहिलं. मग दुसरी. चौथीपर्यंत काळं हाताला लागत होतं. पाचव्या पत्रिकेवर मखमल धरली. सहावीवर फिकी पडली.

"पाच," भिकन म्हणाला. नूतनने ते वहीत लिहून घेतलं आणि त्याच मापाने बारा तुकडे करून नेले.

चार दिवसांनी तिने त्याला कॉलेजात बोलावलं. काचेच्या भांड्यात तो काळा तुकडा उभा होता, तारा जोडलेल्या. बटण दाबताच त्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटले, वर येऊन फुटले. शेजारच्या भांड्यातल्या, निकेल न लावलेल्या साध्या तुकड्यावर जेमतेम दोन-चार चिकटले होते. भिकन वाकून पाहत राहिला. आपण काहीतरी केलंय एवढं त्याला कळलं. काय केलंय ते कळेना. नूतनने प्रबंधाचं पान दाखवलं, आभारात त्याचं नाव छापलेलं. हजारो नावं त्याने दुसऱ्यांची घातली होती. हे वाचताना तो अक्षराअक्षरावर अडखळला.

संध्याकाळी घरी बायकोने, कमलबाईने, चहा पुढे ठेवत विचारलं, "मंग, ते काम चांगलं व्हयनं का?"

"चांगलं व्हयनं. बठ्ठं जळनं, काळंकुट्ट."

"जळनं, आनि चांगलं?"

भिकनने कप उचलला, पुन्हा ठेवला. "माले आजून समजनं नही," तो म्हणाला. "सोमवारे ती परत येनार शे. तवय इचारसू."