नसलेल्या दाराची कडी

नसलेल्या भिंतीला वळसा घालून जाणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो भवानी पेठेत आमच्या शेजारी राहतो. यंत्रमागावर आयुष्य काढलेले हे काका मूळचे मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावचे. विहिरी आटल्या आणि ते गाव उठलं, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. आता तिथे बाभळी आहेत आणि एक पडकी गढी. काकांच्या लेखी मात्र गाव जागेवरच आहे. मोकळ्या माळावर ते गल्लीगल्लीनेच चालतात, मध्येच थांबून हवेत कडी वाजवतात आणि मगच आत जातात. एकदा मी सरळ चालत गेले, तर ओरडले, "अगं ए, चपला काढ! सुताराच्या देवघरात उभी हाईस की!" मी काढल्या. लगेच पायात काटा मोडला. काका शांतपणे म्हणाले, "सुताराचं घर हाय, खिळा असंल."

गढीचा इतिहासही त्यांचा स्वतःचा. "शत्रूनं न्हाई पाडली. आसपासच्या गावांनी धाब्याच्या छतावर घालायला तिची पांढरी माती नेली." त्यामुळे त्या भागात कुणाकडे चहाला गेलं, की ते आधी छताला नमस्कार करतात. "ह्यो आपला उगवतीचा बुरूज!" घरमालक वर बघत राहतो, चहा निवतो.

मी इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत मराठी बोलताना अडखळते, म्हणून गप्पच असते. काकांना ते चालायचं. चार वर्षं मी नुसती त्यांच्या मागे फिरले, ऐकत.

गावदेवीच्या नैवेद्याला पांगलेली कुटुंबं वर्षातून एकदा तिथे जमतात आणि काका पोरासोरांना गाव दाखवतात. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. टेम्पोतून उतरून ते लिंबाखालीच बसले. "तू दाव. तुझ्याबिगर ह्या गल्ल्या कुणालाच ठाव्या न्हाईत. आज चुकल्या तर गेल्याच." चाळीसएक माणसं माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात एक गृहस्थ फोनवर बोलत सरळ पुढे निघाले आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "अहो, चपला काढा! सुताराचं देवघर आहे ते!"

त्यांनी निमूट काढल्या. मग मी गढीपर्यंत बोलतच गेले. माझी वाचा फुटली ती अशी, नसलेल्या देवघरात. ते देणं काकांचं.

परतले तेव्हा ते वाट बघत होते. "आमचं घर दावलंस?"

"हो."

"कडी वाजवलीस?"

"वाजवली, काका. दोनदा."

"एकदाच वाजवायची," ते म्हणाले. "आईला चुलीपुढनं उठाया वेळ लागतो."