धवलारणीच्या लेकीला आलेलं बोलावणं

नवरा बरा झाला म्हणून मी प्रभूकडे गेले, असं किन्हवलीच्या बाजारात अजून सांगतात. तो बरा झाला नाही. तो गेला, आणि तरीही मी प्रभूकडे गेले. हे एकदा स्पष्ट लिहून टाकते, कारण लोकांच्या तोंडी ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. त्याच्या आजारपणात नात्यातली माणसं दारावरून विचारपूस करून परत जायची. वाशिंदच्या ख्रिस्ती प्रार्थनेतल्या दोन बायका मात्र आत यायच्या, त्याचे पाय चेपायच्या, माझ्या चुलीवर भात लावायच्या. तो गेल्यावर मी त्यांना म्हटलं, तुमच्या देवाने ऐकलं नाही. त्या माझ्याबरोबर रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्या रिकाम्या घरात मला कुणीतरी सोबतीला असल्याचं जाणवायला लागलं, ते तेव्हापासून. गावाने विचारलं, काय मिळालं गो तुला? मला उत्तर देता यायचं नाही आणि राग यायचा.

माझी आई धवलारीण होती. आमच्या भागात लग्न लावायला भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत एकेका विधीला ती धवला गाते, आणि ती गाईल तसा विधी पुढे सरकतो. आईच्या मागे बसून मी ते शिकले आणि तिच्यानंतर शहापूर-मुरबाडकडची कितीतरी लग्नं मी लावली. वाशिंदच्या त्या प्रार्थनेच्या मंडळीत जायला लागल्यावर तिथले पाळक म्हणाले, ताई, त्या गाण्यांत दुसऱ्या देवांची नावं आहेत, ती आता सोडा. माणूस चांगला. कुणी आजारी पडलं की पावसापाण्यात मोटारसायकल काढून जाणारा. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, धवल्यात गणपती होता, गावदेवी होती. मी सोडलं. रविवारी मंडळीत कीबोर्डवर हिंदी गाणी चालायची. माझा गळा शेताच्या पलीकडे पोचणारा, त्या खोलीत तो सगळ्यांच्या वर जायचा. एकदा कुणीतरी हळूच सांगितलं, मावशी, जरा बारीक आवाजात. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं.

मग बोलावणं सुरू झालं. शेतात तण काढत बेणणी करताना, पाणी भरताना आईची चाल गळ्यात यायची आणि तिच्यावर प्रभूचे शब्द आपोआप बसायचे. कानांनी काही ऐकलं नाही, पण आत कुणीतरी सारखं म्हणत होतं, गा. मी शब्द गिळून टाकायचे. मी त्याच्याशी अगदी कडाकडा भांडले. म्हटलं, कुठे गाऊ? तुझ्या मंडळीत माझा गळा नको आणि माझ्या गावात तुझं नाव नको. ज्या गळ्याला जागाच ठेवली नाहीस तो दिलास कशाला? प्रार्थनेत असं बोलू नये म्हणतात. मला दुसरं बोलता येत नव्हतं.

अशात कविताचं लग्न ठरलं. ती मुरबाडकडच्या एका पाड्यातली, वाशिंदला कारखान्यात कामाला, आमच्याच प्रार्थनेला येणारी. नवरामुलगाही मंडळीतला. तिला आईबाप नाहीत, आजीने वाढवलं. आजी काही प्रभूला मानणारी नव्हती, पण नातीने मानलं तर तिने आडकाठी केली नाही. तिचं एकच म्हणणं होतं: धवला नाय तं लगीन नाय, आन मी मांडवात येनार नाय. पाळक म्हणाले, दुपारी प्रार्थनेने लग्न लागेल, सकाळी हळद लावा, पण धवले नकोत. त्यांनाही भीती होती. आधीच देव बदलला म्हणून लोकांचं आमच्यावर लक्ष असतं. कविता माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, मावशी, तुम्ही गायलात तर आजी येईल. ज्या बाईने तिला हाताचा पाळणा करून वाढवलं ती लग्नाला पाठ फिरवून बसणार होती. मी तिला नाही म्हटलं. जुने धवले मला गायचे नव्हते आणि नवे गायची छाती नव्हती.

लग्नाच्या सकाळी मी पाहुणी म्हणून तिच्या पाड्यावर गेले. मंडळीतल्या पोरांनी हौसेने सगळं केलं होतं, फुलं, पडदे, स्पीकर. हळदीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून आणायची रीतही ठेवली होती, तेवढा धवला काढून टाकला होता. इथेच त्यांचं चुकलं. पाड्यातल्या सवाष्णी विहिरीवर गेल्या, हंडे भरले आणि उभ्या राहिल्या. कारण धवलाच सांगतो, आता भरा, आता उचला, आता वळा. त्याच्याशिवाय लग्नाचा हंडा डोईवर कोण घेईल? पोरांनी मोबाइलवर गाणं लावलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आजी विहिरीच्या कठड्याशी मांडवाकडे पाठ करून बसली होती. तिकडे नवरी हळद माखून पाटावर, ऊन चढलेलं, आणि पाळक सारखे घड्याळ बघत होते.

तेवढ्यात डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेली एक म्हातारी विहिरीवर पाणी प्यायला आली. तिने हंडे पाहिले, बायका पाहिल्या, आणि माझ्यासमोर येऊन थांबली. म्हणाली, तू धवलारणीची लेक ना? तोंड तेच हाय. तुझ्या आयशीनं माजं लगीन लावलंय. मग तू मुकी का उभी?

मी म्हटलं, "आजी, माझा देव बदललाय."

तिला काडीचंही नवल वाटलं नाही. पाटी सावरत म्हणाली, "मंग त्याचं गा."

एवढंच. पाणी प्यायली आणि डोंगराच्या वाटेला लागली. ती कोण, कुठल्या पाड्याची, कुणालाच सांगता आलं नाही. मी शोधायला गेले नाही. करवंदं विकायला निघालेली बाई असेल, असू दे. मी जे भांडण इतके दिवस घालत होते त्याचं उत्तर ती तीन शब्दांत देऊन गेली होती, आणि आता माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती.

बायबलात प्रभू एका लग्नाला गेला होता, तिथेही आधी रांजण पाण्याने भरावे लागले होते आणि मग त्याने त्या पाण्याचा द्राक्षारस केला, हे मला तेव्हाच आठवलं. मी डोळे मिटले आणि आईची पाण्याची चाल धरली.

भरा गो भरा रांजण काठोकाठ,
लगीनघरी प्रभू पाहतो गो वाट.
उचला गो उचला हंडा डोईवरी,
पाण्याची गोडी त्याच्या हाती सारी.

पहिली ओळ फाटक्या आवाजात निघाली. दुसरीला गळा उघडला. चाल ओळखीची, त्यामुळे बायकांनी लगेच मागून ओढली, आणि प्रभूचं नाव आलं तरी कुणी थांबलं नाही. कविताच्या आजीने मान वळवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, एका सवाष्णीच्या डोईवर स्वतःच्या हाताने हंडा चढवला आणि मांडवाकडे चालायला लागली. मी गात गात तिच्या मागे गेले. रडत होते, ते लपवलं नाही.

जेवणाच्या वेळी पाळक माझ्याजवळ आले. म्हणाले, ताई, हे आपलं ठरलं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. पण मला गायला सांगणारा तुमच्याही आधीचा आहे, त्याला मी आता पुन्हा नाही म्हणणार नाही. ते माझ्या पानात भात वाढून पुढे गेले. आजही धवल्याचं नाव काढलं की ते अस्वस्थ होतात. काही गावकरी म्हणतात मी आईची गाणी बाटवली, मंडळीतले काही म्हणतात मी मागे फिरले. म्हणू देत. आता मंडळीतलं लग्न असलं की मी विचारत नाही, जाते आणि त्याचं गाते. रविवारीही माझ्याच गळ्यात गाते. नमायचं ते मी त्याच्यापुढे नमले, आणि खरं सांगते, भांडून भांडून थकल्यावर नमण्यात फार सुख होतं. काय मिळालं गो तुला, याचं उत्तर आता मला येतं. त्याने घेतलेलं गाणं परत दिलं, आणि ते कशासाठी होतं तेही सांगितलं. त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी कविता सासरी निघाली तेव्हा आजी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "तुझ्या देवाला सांग, पोर तुझ्या हवाली केली. तिला नीट सांभाळ, नाय तं गाठ माझ्याशी हाय."

त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी त्याला ते जसंच्या तसं सांगितलं.