सासऱ्यांच्या मनातलं नाव

माझ्या सासऱ्यांना सहसा कशाबद्दलच मत नसायचं. भाजी कुठली करू, टीव्हीवर काय लावू, रविवारी कुठे जाऊ या, काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुम्ही म्हणाल ते." म्हणून माझ्या बाळंतपणासाठी ते आणि सासूबाई सांगलीहून आइंडहोवनला आले आणि आल्याच्या आठवड्यातच वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, "मुलगी झाली तर एक नाव आहे माझ्या मनात," तेव्हा आम्ही तिघंही जेवायचं थांबलो.

नाव त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारलेलं नाही. जुन्या वळणाचं, छोटं, कानाला गोड नाव. आमच्या नात्यात किंवा ओळखीत ते कुणाचंच नव्हतं.

"कुणाचं आहे हो बाबा?" मी विचारलं.

"कुणाचं कशाला असायला हवं? चांगलं आहे, एवढंच." आणि त्यांनी मान खाली घालून ताट चाटूनपुसून संपवलं.

 सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या इथे आल्या दिवशी आमच्या दाराच्या घंटीकडे पाहत होत्या. घंटीखाली दोन आडनावं आहेत, माझं आणि माझ्या नवऱ्याचं. मी लग्नानंतर पासपोर्ट बदलला नाही, आणि इथल्या डच सरकारलाही बाईचं जन्माचं आडनावच पुरतं. "घर एक आणि आडनावं दोन," एवढंच तेव्हा त्या म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासरे कालव्याकडे फिरायला गेले तशा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"ह्यांच्या बँकेत त्या नावाची एक बाई होती," त्या म्हणाल्या. "कोल्हापूरला बदली झाली तिची. त्या दिवशी हे तिला स्टँडवर सोडायला गेले होते."

"आई, सहकारी असेल. सोडायला गेले असतील."

"माझ्या बहिणीला कधी गेले नाहीत सोडायला."

खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं. पण त्यानंतरच्या दिवसांत संशय हळूहळू माझ्याही अंगात शिरला. मी आठवा महिना लागलेली, सुट्टीवर असलेली गरोदर बाई, दिवसभर सोफ्यावर. दुसरं करायला होतं काय? आधी मी इंटरनेटवर त्या नावाचा अर्थ शोधला. एका ठिकाणी लिहिलं होतं, लक्ष्मी. दुसऱ्या ठिकाणी, तेजस्वी. तिसऱ्या ठिकाणी, शांत वाहणारी. मग मी गंमत म्हणून माझं स्वतःचं नाव घातलं. तर तेही लक्ष्मी आणि तेजस्वीच निघालं. या लोकांना कुठलंही नाव द्या, त्यातून लक्ष्मी काढून देतील. माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला, पण सासऱ्यांवरही तो बसेना.

कारण आता त्यांचे फोन सुरू झाले होते. सकाळी, भारतात दुपार झालेली असताना, ते जॅकेट चढवून बाल्कनीत जायचे आणि मागून काचेचं दार ओढून घ्यायचे. आयुष्यात ज्या माणसानं स्वतःहून कुणाला फोन लावला नाही, तो माणूस आइंडहोवनच्या गारठ्यात उभा राहून हळू आवाजात बोलायचा. एकदा दार नीट लागलं नव्हतं. मी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. त्यांचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं: "नाही, घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडचा आवाज बाईचा होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "बाबा? अगं, बाबा दोन शर्टांमधून एक निवडू शकत नाहीत."

"नाव निवडलंच ना?"

 आता तोही बापाकडे जरा निरखून बघायला लागला. चार माणसांचं घर, आणि तिघं चौथ्यावर नजर ठेवून. ते बिचारे भांडी पुसायचे, कांदे चिरून द्यायचे आणि अधूनमधून, कुणी न विचारता, ते नाव काढायचे. "बघा हं, ठरलं नसेल तर."

मुलगीच झाली. इथे बाळंतीण दुसऱ्या दिवशीसुद्धा घरी येते आणि मग आठवडाभर एक प्रशिक्षित बाई रोज घरी येऊन बाळबाळंतिणीचं करते. आमच्याकडे आलेली बाई उंच, मोठ्या हातांची, थेट बोलणारी. तिनं पहिल्याच सकाळी विचारलं, "नाव काय?"

"बाराव्या दिवशी ठेवतात आमच्यात," सासूबाईंनी, परकी बाई म्हणून, तिला हिंदीत सांगितलं. मी ते डचमध्ये पोचवलं.

"पण नगरपालिकेत तर तीन दिवसांत नोंद करावी लागते," ती म्हणाली. "नावाशिवाय कशी करणार?"

हे नवऱ्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण आम्ही दोघांनी तो विषय जणू कपाटात ठेवून दिला होता. ती बाई बाळाचे लंगोट घडी करत सांगत राहिली. तिचं नाव तिच्या आजीचं, आजीचं तिच्या आजीचं. तिच्या नवऱ्याच्या आडनावाचा अर्थ 'उघडा जन्मलेला'. लोक म्हणतात, दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच बादशहानं इथे आडनावांची सक्ती केली तेव्हा कुणीतरी चिडून थट्टेनं घेतलं असेल. "मला नाही पटत," ती म्हणाली. "आडनावं त्याच्या आधीपासूनची असतात. लोकांना गोष्टी आवडतात."

ती गेल्यावर सासूबाईंनी खोलीचं दार लावलं. सासरे पाळण्याशी उभे होते.

"उद्या हा नोंद करायला जाणार," सासूबाई मुलाकडे बोट करून म्हणाल्या. "तुमचं ते नाव कुणाचं ते आत्ता सांगा. नाहीतर पुन्हा ते तोंडातून काढू नका."

"अगं, बाळंतिणीसमोर…"

"बाळंतिणीलाच तर कळायला हवं. तिच्या लेकीला कुणाचं नाव लावताय तुम्ही? त्या कोल्हापूरच्या बाईचं?"

"कुठली कोल्हापूरची?" सासरे खरोखर गोंधळले. मग खुर्चीत बसले. 

"आईचं आहे," ते म्हणाले.

"तुमच्या आईचं नाव मला माहीत आहे. माझ्याकडच्या तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं आहे."

"ते लग्नातलं. हे माहेरचं."

मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. ते सहा वर्षांचे असताना आई गेली, हे आम्हाला ठाऊक होतं. वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं, हेही. पण हे नव्हतं ठाऊक, की दुसऱ्या बायकोला त्यांनी पहिलीचंच नाव ठेवलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर ते कोरलेलं होतं; पुन्हा कोण कोरणार? मग घरात आईच्या नावानं हाक मारली की दुसरीच बाई 'ओ' द्यायची. आईचं म्हणून वेगळं नाव उरलं नाही. फक्त एकदा, आजारी आईला न्यायला मामा आला होता, तेव्हा दारातूनच त्यानं तिला माहेरच्या नावानं हाक मारली होती, आणि ती अंथरुणातून उठून बसली होती. ती गेल्यावर आजोळही सुटलं.

"मग इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंत?" सासूबाई.

"खात्री नव्हती. सहा वर्षांचा होतो. चुकीचं ऐकलं असेन तर?"

"आणि फोन?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

मामाची मुलगी सापडली होती, त्यांच्याहून मोठी, कराडच्या पुढे डोंगरात राहणारी. तिला शोधायला त्यांना महिना लागला होता. मला सगळं पटत होतं, आणि तरी पूर्ण पटत नव्हतं. मी म्हणाले, "लावा तिला फोन. स्पीकरवर."

त्यांनी लावला. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"झालं का बाळ? मुलगी? बरं झालं. व्हय, आत्याचं त्येच नाव. वड्याचं नाव त्ये."

"ओढ्याचं?" मी मध्येच बोलले.

"गावाखालचा वडा. आजी तिथं धुणं धूत हुती, तिथंच कळा आल्या. काठावरच झाली आत्या. मग काय, वड्याचंच नाव ठिवलं."

"आणि ओढ्याला ते नाव कशावरून पडलं?"

"आता त्ये काय ठाव, बाई! वडा त्यो. उन्हाळ्यात पानीबी नसतंय त्यात."

फोन संपला. सासरे पाळण्यात बघत होते, आमच्याकडे नाही. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून नगरपालिकेत जाऊन ते नाव नोंदवून आला. तिथल्या माणसानं त्याला तीनदा अक्षरं विचारली म्हणे.

बारसं आम्ही तरीही बाराव्या दिवशी केलं. माझ्या मुलीला सख्खी आत्या नाही, म्हणून नाव सासूबाईंनीच तिच्या कानात सांगितलं. नायमेखन आणि एनस्खेडे या गावांहून ओळखीची दोन मराठी कुटुंबं आली होती. सगळ्यांनी अर्थ विचारला. सासरे प्रत्येकाला न कंटाळता ओढ्याची गोष्ट सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर सासूबाई माझ्याशेजारी पलंगावर येऊन बसल्या. हातात उरलेल्या घुगऱ्या होत्या. एकेक दाणा तोंडात टाकत होत्या.

"माझं माहेरचं नाव माहीत आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. सात वर्षं त्यांची सून होते, आणि त्यांना दुसरं नाव असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनीच अंगठीनं नवं नाव लिहिलं. आईचं नाव पुसलं गेलं म्हणून एवढं मनाला लागलं ना ह्यांच्या? मग माझं पुसताना कसा नाही थरथरला हात?"

"आई, काय होतं नाव?"

त्यांनी सांगितलं. माझ्या मुलीच्या नावाइतकंच छोटं. मग म्हणाल्या, "राहू दे. आता कुणी त्या नावानं हाक मारली, तर मी मागे वळून बघणार नाही."

महिन्याभरानं ते दोघं सांगलीला परत गेले. मुलगी आता दोन वर्षांची आहे; रविवारी व्हिडिओ कॉल असतो. सासरे पडद्याजवळ तोंड नेऊन नातीला पुन्हा पुन्हा नावानं हाक मारतात. ती डच पाळणाघरातले शब्द बडबडत पळून जाते. मागे सासूबाई भाजी निवडत असतात.

सासूबाईंचं माहेरचं नाव काय, हे सासऱ्यांना विचारायचं मी अनेकदा ठरवलं. अजून विचारलेलं नाही. त्यांना ते आठवत नसेल, अशी मला दाट शंका आहे.