व्हॅनसाठी स्थळ

लेकीसाठी, नीतूसाठी, चुन्नीलालनं जशी स्थळं पाहिली, तसाच तो आता जुन्या व्हॅनचं इंजिन नव्यानं बांधायला मिस्त्री पाहत फिरला. न सांगता जायचं, पाणी मागायचं, अंगण न्याहाळायचं. गोंदियाचा मिस्त्री फारच गोड बोलला. चुन्नीलाल पाणी न पिताच उठला.

तिरोड्याला धनेंद्र मिस्त्रीच्या आवारात मात्र मोहाच्या झाडाची सावली होती. उघडलेल्या इंजिनांवर मऊ, धुतलेली लुगडी पांघरली होती. जणू ती दुपारची निजली होती. चुन्नीलाल बघतच राहिला. इथं आपली व्हॅन सुखानं नांदेल, असं त्याला वाटलं.

किल्ली देताना त्याचे डोळे भरून आले.

"काऊन रडून राहिले जी, काका? महिन्याभरात येतेच न परत," धनेंद्र म्हणाला.

"नीतूबी असंच म्हणून गेली होती."