हात बदला

भूमला पोचलो की मी आधी पेढा खातो, मग नातेवाइकांची चौकशी करतो. या खेपेला मात्र पहाटेच अक्कानं उठवून खव्याच्या भट्टीवर नेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि भट्टी तिच्याच मालकीची.

मोठाल्या कढयांत दूध आटत होतं. उलथनं थांबलं की खवा तळाला लागतो आणि सगळ्या कढईला करपट वास येतो. म्हणून तिथं एक रीत आहे. पेंग (झोपेची गुंगी) आली की ज्याची त्यानंच हाक द्यायची, "हात बदला!" लगेच दुसरा येऊन उलथनं घेतो. एका धिप्पाड गड्यानं अशी हाक दिली तेव्हा मला हसू आलं.

"हसू नको," अक्का म्हणाली. "न सांगता पेंगणाऱ्याला आमी भट्टीवर ठेवत न्हाय."

खवा तेरला न्यायचा होता, एका लग्नाच्या पंगतीसाठी. टेम्पो चालवणार अक्काची लेक सारिका. तीही पहाटेपासून कढईवर उभी होती. भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक रिचवून आम्ही निघालो. मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही, त्यामुळे मी ऐटीत शेजारी बसलो.

येरमाळ्यापर्यंत बालाघाटचे उघडेबोडके डोंगर सोबतीला होते. पुढं रस्ता सरळ लागला आणि ऊन काचेवर आलं. सारिका जांभया देऊ लागली. सावरून बसली, गालावर चापट्या मारून घेतल्या. तेवढ्यात डावी चाकं डांबरावरून खाली उतरून खडखडली. तिनं झटकन गाडी वर घेतली.

"खिडकी उघड. मी गाणं लावतो," मी म्हणालो.

"मामा, येरमाळा कवा गेलं?"

"मघाशीच. तूच तर चौकात हॉर्न देत होतीस."

"मला आठवंना." ती म्हणाली, "हात बदला."

बदलायला टेम्पोत दुसरा हात होता तो माझा! तिनं मात्र वेग कमी केला आणि एका ढाब्याच्या अंगणात, लिंबाच्या (कडुलिंबाच्या) सावलीत गाडी लावली. खव्यावरची पोती ओली केली, कपभर चहा घेतला.

"आता तरी निघायचं?" मी विचारलं.

"चहानं डोळं उघडतेत मामा, डोस्कं न्हाय. थोडं पडते. अर्ध्या तासानं उठवा."

ती बाजेवर पडली ती मेल्यासारखी झोपली. इकडं तेरच्या आचाऱ्याचा फोन वाजू लागला. "कुठं अडकलाव? खवा कवा यायचा?" खवा आंबला किंवा पंगत चुकली, तर अक्काचं जुनं गिऱ्हाईक तुटणार होतं. तिला हलवून उठवावं म्हणून मी दोनदा बाजेपाशी गेलो. रस्त्यावरून ट्रक सुसाट जात होते. ती खडखडलेली चाकं आठवली आणि मी तसाच मागं फिरलो.

अर्धा तास भरल्यावरच हाक मारली. उठली ती तोंडावर पाणी मारून, ताजीतवानी होऊन. धाराशिव मागं टाकून तेरला पोचेपर्यंत वाटेतलं एकेक गाव तिनं मला नावानिशी दाखवलं.

मांडवात आचारी तापलाच होता. "पहिली पंगत बिनागोडाची उठली!"

"वाटंत झोप आली, आण्णा. म्हणून थांबून झोपले," सारिका सरळ म्हणाली. "खवा बघा."

चारचौघांत असं सांगायला मला जमलं नसतं. मी टायर पंक्चर केला असता! आचाऱ्यानं चिमूटभर खवा चोळला, हुंगला, तोंडात टाकला. "खवा झकास हाय," एवढंच बोलला आणि कामाला लागला. दुसऱ्या पंगतीला गुलाबजाम मिळाले. मी अर्थातच त्या पंगतीला बसलो.

परतल्यावर अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "बोलणी बसली का?" तिनं विचारलं.

"बसली," सारिका म्हणाली.

"बसू दे," म्हणत अक्कानं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पुण्यात आल्यावर शेजारी विचारतात, भूमला काय विशेष? मी त्यांच्या हातावर पेढा ठेवतो आणि छाती फुगवून सांगतो, माझी भाची उशिरा पोचली.